अर्धा पलंग

१

सिस्टरची तपासणी दारातच सुरू व्हायची. आत पाऊल टाकायच्या आधी ती उंबऱ्यावर उभी राहून एक मोठा श्वास घ्यायची, आणि तेवढ्यातच अर्धा निकाल लागलेला असायचा. हॉस्पिटलातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी लोक तिला सिस्टरच म्हणायचे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी जी होम असतात, तिथं खरोखर काळजी घेतात की नुसती जाहिरातच करतात, हे बघून शेरा द्यायचं काम आता तिच्याकडे होतं. होमवाले तिला आपसांत 'नाक' म्हणायचे. नाक येतंय अशी कुणकुण लागली की मागच्या दारानं ओल्या चादरींचे गठ्ठे बाहेर जायला लागायचे. पण अहो, वास असा गठ्ठ्यात बांधून बाहेर नेता येतो होय? फिनेल ओता नाहीतर अत्तर शिंपडा, सिस्टरला त्याच्या खालचं बरोबर कळायचं.

बाकीचे तपासनीस मॅनेजरच्या खोलीत पंख्याखाली बसून चहा प्यायचे. ही बया म्हाताऱ्यांचे पायमोजे काढून टाचा बघायची. पाण्याचा ग्लास हात पुरेल असा ठेवलाय की नुसता शोभेला, ते बघायची. आणि सगळ्यात शेवटी, एखादा पलंग रिकामा असला तर चपला काढून सरळ त्यावर आडवी व्हायची, बेल दाबायची आणि वाट बघत पडायची. कोण येतं, आल्यावर आधी बेलकडे बघतं की आधी माणसाकडे, हे तिला बघायचं असायचं. यावरून ऑफिसात तिची भरपूर टिंगल व्हायची. ती म्हणायची, पलंगावरून होम वेगळं दिसतं. आजवर एकाही होमला तिनं 'उत्तम' म्हटलं नव्हतं.

आता घरचं ऐका. घरी मागच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या खाटेवर, तिची आई पडून होती. कमरेखालचं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. दिवसभर दाराकडे तोंड करून म्हातारी शिव्या जमवायची आणि सिस्टर कामावरून आली की एकेक काढायची. 'आली बाई! जगाच्या आया तपासून आली! स्वतःची मेली की जिवंत, बघा जरा!' दिवसा सांभाळायला एक बाई ठेवली होती, ती मनाला येईल तेव्हा यायची आणि मनाला येईल तेव्हा जायची. आणि आईच्या माकडहाडापाशी जखम झाली होती. बेडसोर. लोकांच्या होममध्ये जो दिसला की सिस्टर मॅनेजरला फाडून खायची, तोच तिच्या घरात, तिच्या नाकाखाली, रोज थोडा थोडा खोल जात होता. तिचीही साठी उलटली होती. आईला कुशीवर वळवताना हात थरथरायचे, कधी निसटायचे, आणि म्हातारी किंचाळायची.

धाकटा भाऊ दूरच्या शहरात राहायचा आणि फोनवरून काळजी करायचा. त्यानंच एक नवीन होम शोधून काढलं होतं. एक पलंग रिकामा आहे, आपण बोलून ठेवलंय, असं सांगून तो म्हणाला, "ताई, तू तिथं तपासणीला जाणारच आहेस ना? मग आपल्या आईसाठीच आहे असं समजून बघ. तू हो म्हण, की उद्याच्या उद्या गाडी पाठवतो. आणि नाही म्हणालीस तर मग पुढं तू आहेस आणि आई आहे. मी काही बोलणार नाही."

काही बोलणार नाही! त्याला तेच तर हवं होतं. पण सिस्टरला राग गिळावा लागला, कारण जखमेत आता बोटाचं टोक जात होतं.

२

होम शहराच्या टोकाला, टायरच्या दुकानांच्या पलीकडे होतं. दुमजली, साधी इमारत, पुढे फरशी घातलेलं अंगण. सिस्टर उंबऱ्यावर थांबली आणि तिनं श्वास घेतला.

वास नव्हता.

चांगला वास नव्हता, वाईटही नव्हता. वासच नव्हता. नाक चोंदलं की काय म्हणून तिनं स्वतःच्या मनगटाचा वास घेतला, तर सकाळच्या साबणाचा आणि आईच्या मलमाचा वास नीट आला. परत दारात नाक नेलं. काही नाही. जिथं माणसं जेवतात, घामेजतात, अंथरुणात लघवी करतात, तिथं काही नाही. पाटी लावून वर्षसुद्धा झालं नाही, भिंतींनी अजून काही धरलं नसेल, अशी तिनं मनाशी समजूत घातली.

मॅनेजर हसतमुख होता. कुणाच्याही लग्नात दिसतो आणि कुणाच्या बाजूचा ते कळत नाही, तसला माणूस. "या या, सिस्टर. तुमचं नाव फार ऐकून आहे. कुठून सुरुवात करायची? चहा?"

"टाचांपासून," सिस्टर म्हणाली.

वरच्या मजल्यावर लांबच लांब खोली होती. दोन्ही भिंतींना लावून पलंग, प्रत्येकाशेजारी स्टीलचं छोटं कपाट. सिस्टरनं एकेकाचे मोजे काढले. टाचा मऊ, गुलाबी. कोपरं मऊ. मॅनेजरला बाहेर काढून, पडदे ओढून पाठी बघितल्या. कुणाच्याही पाठीवर साधी लाली नव्हती. नखं कापलेली, कानांमागे मळ नाही, तोंडात छाले नाहीत. इतकी वर्षं या धंद्यात घालवली, असं काही तिनं पाहिलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

इथं काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं आणि काय ते कळत नव्हतं. खोलीच्या मध्यभागी उभी राहून तिनं सगळीकडे नजर फिरवली, तेव्हा लक्षात आलं. कुणीही दाराकडे बघत नव्हतं.

तुम्ही कधी अशा होममध्ये गेला असाल तर माहीत असेल. दारात पावलाचा आवाज झाला की सगळ्या माना वळतात. आपलं कुणी आलं का? पोरगा आला का? नसतोच आलेला, पण मान वळते. सिस्टरला ते सगळ्यात जास्त लागायचं, वासापेक्षाही. इथं ती आली, मोजे काढले, पडदे ओढले, आणि एकानंही तिच्याकडे मान वळवली नव्हती. सगळ्यांची पाठ दाराकडे, तोंड भिंतीकडे. आणि सगळे पलंगाच्या अगदी कडेला झोपलेले, आता पडतील की मग पडतील असे. भिंतीकडचा अर्धा पलंग प्रत्येकानं मोकळा सोडला होता.

३

गोळ्या देऊन गुंगीत ठेवतात, हा पहिला संशय. तिनं डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, नाडी धरली, वेडेवाकडे प्रश्न विचारले. गुंगी नव्हती. कोपऱ्यातले एक काका तर चांगले हुशार निघाले. जन्मभर शिवणकाम केलेले, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. सिस्टरच्या बाहीकडे एक नजर टाकून त्यांनी सांगितलं, "खांदा उतरलाय तुमच्या ब्लाऊजचा. कुणी शिवला हो? हात मोडला पाहिजे त्याचा."

सिस्टरला हसू आलं. "मास्तर, घरचं कोण कोण आहे?"

"आहेत ना. दोन मुलगे आहेत."

"येतात का भेटायला?"

मास्तरांनी जरा विचार केला. आठवत नव्हतं असं नाही, त्यांना तो प्रश्नच बिनकामाचा वाटत होता. "येत असतील," ते म्हणाले आणि परत भिंतीकडे वळले.

"अहो, असे कडेला झोपू नका, पडाल. मधे सरका बघू."

"मधे कसा सरकू?" मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "दाटी होते."

सिस्टरनं त्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला. चादर गरम होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यावर असते तेवढी गरम. उशीलाही त्या बाजूनं खळगा पडला होता. ऊन असेल, असं म्हणून तिनं वर बघितलं, तर खिडकी समोरच्या भिंतीला होती आणि तिला जाड पडदा होता. मग मास्तरच मघाशी त्या बाजूला असतील. असतील, दुसरं काय? चादर खालीवर करून तिनं पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. खाली लख्ख पुसलेली फरशी होती.

जिन्यापाशी तिला मावशी भेटली. चादरींच्या घड्या घालत स्टुलावर बसली होती. एवढ्या पेशंटांना मावश्या मोजून दोन-तीन. हा हिशेब सिस्टरला कुणी शिकवायला नको होता. दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची तर याच्या चौपट माणसं लागतात, आणि तरी कुणाची ना कुणाची पाठ लाल होतेच.

"मावशी, खरं सांगा. आज तपासणी म्हणून बाहेरून माणसं आणली होती ना? कुठं लपवलीत?"

मावशीनं घडी घालायची थांबवली नाही. "कुठली माणसं? आम्हीच आहोत. इथं काम फार नसतं, सिस्टर. पहिल्यांदा मलाही नवल वाटलं. आधीच्या ठिकाणी नाकी नऊ यायचे."

"मग कूस कोण बदलतं?"

"बदललेली असते."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही जातो तेव्हा बदललेलीच असते," मावशी म्हणाली. तिनं चादरीची कडा अंगठ्यानं दाबून सरळ केली. "पहिले काही दिवस रडतात, घरी न्या म्हणतात, दाराकडे बघतात. सगळीकडेच बघतात. मग एकदा तोंड भिंतीकडे झालं की शांत. मग काही मागत नाहीत. माझंही पोट आहे, सिस्टर. मी खोलात जात नाही."

४

भावाचा फोन आला तेव्हा सिस्टर त्या रिकाम्या पलंगाजवळ उभी होती. एका माणसाची वेगळी छोटी खोली, आईसाठी सांगून ठेवलेली. पलंग भिंतीला अगदी चिकटवलेला, मधे कागदसुद्धा जाणार नाही.

"काय ताई, कसं आहे?"

"चांगलं आहे."

"तू म्हणतेस चांगलं? बाप रे! मग ठरलं की!"

"जरा थांब. मला अजून..."

"अजून काय? तुला ना, चांगलं सोसतच नाही. आईला तिथं पडून कुजू देशील, पण एखादी जागा बरी आहे असं म्हणणार नाहीस. तुझा मोठेपणा आड येतो!"

"आणि तुझं काय आड येतं रे? गाडीला डिझेल मिळत नाही वाटतं, आईला भेटायला यायला?" सिस्टर कडाडली आणि तिनं फोन ठेवून दिला. ठेवल्यावर तिला रडू आलं. भावाचं बोलणं खोटं होतं, पण सगळंच खोटं नव्हतं, आणि म्हणून ते जास्त झोंबलं.

रडूनबिडून झाल्यावर तिनं नेहमीप्रमाणे चपला काढल्या, पलंगावर आडवी झाली, दाराकडे तोंड केलं आणि बेल दाबली.

भर दुपार होती. बाहेर टायरच्या दुकानात कुणीतरी लोखंडावर लोखंड मारत होतं. गादी चांगली होती. रात्रभर आईच्या हाका ऐकून जागलेलं अंग ते, टेकल्याबरोबर जड झालं आणि डोळे मिटायला लागले. तेवढ्यात कमरेवर हात आला.

आली वाटतं मावशी, लवकर आली, असं सिस्टरला अर्धवट झोपेत वाटलं. हात नेमका दुखत होतं तिथं टेकला होता. कमरेच्या डाव्या बाजूला, जिथं आईला उचलताना एकदा चमक भरली होती आणि कधीच पुरती गेली नव्हती. ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. बोटं टोचत नव्हती, पुरा तळवा पसरून ठेवला होता. हेच ती जन्मभर पोरींना शिकवत आली होती. बोटांनी धरू नका गं, म्हाताऱ्यांची कातडी फाटते, तळव्यानं धरा. एकीलाही धड जमलं नव्हतं. या हाताला जमलं होतं. हातानं तिच्या गुडघ्यांमधे उशी सरकवली, मानेखाली चादरीची सुरकुती होती ती ओढून सरळ केली आणि परत कमरेवर येऊन थांबला. सिस्टरच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. किती वर्षांत तिला कुणी असं हात लावला नव्हता.

"बेल वाजवली होती का, सिस्टर?"

तिनं डोळे उघडले. मावशी समोर दारात उभी होती. दोन्ही हातांत झाकण घातलेला स्टीलचा ट्रे.

हात अजून कमरेवर होता.

पलंगामागे भिंत होती. तिथं कुणाला उभं राहायला जागाच नव्हती. मावशीनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पाठीमागे बघितलं आणि लगेच नजर खाली वळवली. "असू दे, असू दे. पडा," ती हळू आवाजात म्हणाली. ट्रेच्या झाकणात सिस्टरला सगळी खोली इवलीशी, वाकडी दिसत होती. त्यात तिचा स्वतःचा चेहरा होता. तिच्या खांद्याच्या मागे चादर वर आली होती, शेजारी कुणी कुशीवर झोपलं की येते तशी. आणि त्या उंचवट्याच्या टोकाला, उशीवर काहीतरी होतं.

ते काय ते बघायच्या आत तिनं डोळे गच्च मिटून घेतले. हातानं तेव्हा हलकेच जोर द्यायला सुरुवात केली होती. तो तिला वळवत होता. घाई नव्हती, जबरदस्ती नव्हती. भिंतीकडे, स्वतःकडे, अगदी दुखणार नाही अशा बेतानं तो तिला वळवत होता.

सिस्टर कशी उठली आणि जिना कशी उतरली, ते तिचं तिलाच आठवत नाही. चपला वरच राहिल्या.

५

अंगणात उन्हात उभं राहिल्यावर डोकं ताळ्यावर आलं. स्वतःचाच हात असणार. अंगाखाली दबून बधिर झाला की आपला हात आपल्याला परका लागतो, हे तर तिनं किती पेशंटांना समजावून सांगितलं होतं. रात्रीचं जागरण, त्यात भावाचं डोक्यात तिडीक आणणारं बोलणं. झोप लागली आणि स्वप्न पडलं. साधी गोष्ट. फक्त आडवं होताना आपण दोन्ही हात गालाखाली घेतले होते का, हे तिनं पुन्हा आठवून बघायचं टाळलं.

मॅनेजर चपला घेऊन खाली आला. स्वतःच्या हातांनी त्यानं त्या तिच्या पायांपुढे ठेवल्या. "काही कमी आढळलं का, सिस्टर?"

काय सांगणार? टाचा चांगल्या, पाठी चांगल्या, पाणी हाताशी, कुणाची तक्रार नाही. इथं फार चांगली काळजी घेतली जाते म्हणून बंद करा, असा शेरा देता येत नाही.

"रात्री इथं कोण असतं?" तिनं विचारलं.

"एकटं कुणीच नसतं," मॅनेजर हसून म्हणाला. सिस्टरनं चपला पायांत सरकवल्या.

होमला नापास करायचं, त्याचं कारण मागाहून काहीही शोधून काढायचं, हे तिनं परतीच्या बसमधे पक्कं केलं. आईला तिथं न्यायचं नाही. गेली तर आपल्या हातून जाईल, पण आपल्या घरात जाईल.

मनाशी असं घोकतच तिनं घराचं दार उघडलं आणि वास आला. सांभाळायची बाई कधीच निघून गेली होती. आई सकाळपासून तशीच, ओल्यात, दाराकडे डोळे लावून.

"आलीस?" म्हातारीचा आवाज बसला होता, पण शिवी तयार होती. "मला वाटलं, मी गेल्यावर वास बघायला येशील. तुझं नाक मोठं ना!"

"आई, वळवते हं. जरा सोस."

"नको गं नको! तुझा हात नको! बोटं आहेत की खिळे?"

सिस्टरनं तळवा पसरून धरायचा प्रयत्न केला, खरंच केला. पण हात दमलेले होते. आई निसटली आणि तिचा सगळा भार जखमेवर आला. म्हातारी ओरडली नाही. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही, हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग ती म्हणाली, "बये, मला मारून तरी टाक. नाहीतर कुणीतरी चांगल्या हाताचं आण."

मलमपट्टी बदलताना सिस्टरला आतलं हाड दिसलं. पांढरं, बटणाएवढं. हात धुऊन ती ओट्याशी उभी राहिली, फोन घेतला आणि भावाला म्हणाली, "गाडी पाठव."

"म्हणजे पास केलंस?"

"उत्तम म्हणणार आहे," सिस्टर म्हणाली.

"बघ! मी सांगत नव्हतो?" भाऊ खूष होऊन म्हणाला.

६

मावशी म्हणाली होती तसंच झालं. सुरुवातीला आईनं होम डोक्यावर घेतलं. सिस्टर रोज जायची आणि रोज शिव्या खायची. "टाकलीस ना आणून? आता नीज जा, गाढ नीज!" म्हातारी दाराकडे तोंड करून रडायची, घरी ने म्हणायची. रडता रडता एकदा तिनं आवाज खाली आणून सांगितलं, "इथं माझ्या मागे कुणीतरी निजतं गं."

सिस्टरनं आईच्या डोळ्यांत बघितलं नाही. "मावशी असतील," ती म्हणाली. पट्टी काढून तिनं जखम बघितली. कडांना गुलाबी नवी कातडी धरली होती. तिनं पट्टी परत लावली आणि आईला तिथंच ठेवून घरी आली. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. तिनं स्वतःला म्हणायचं ते सगळं बसमधे म्हणून घेतलं होतं.

मग कामाच्या गडबडीत मधे काही दिवस जाणं झालं नाही. गेली, तेव्हा आईची पाठ दाराकडे होती.

"आई."

मान वळली नाही. सिस्टरनं पलंगाला वळसा घालायला बघितलं, पण घालणार कुठून? पलीकडे भिंत होती. ती पायथ्याशी जाऊन वाकली, तेव्हा कुठं चेहरा दिसला. गाल भरले होते, केस नीट विंचरलेले. म्हातारी इतकी शांत, इतकी देखणी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"आई, मी आलेय."

"बरं झालं," आई गोड आवाजात म्हणाली. हा आवाज सिस्टरच्या ओळखीचा नव्हता. "बसा ना. तिकडे स्टूल आहे."

"आई, मी! तुझी मुलगी. जगाच्या आया तपासते ती!"

"हो का? चांगलं काम आहे."

ओळखलं नव्हतं असं नाही. ओळखलं होतं आणि काही फरक पडला नव्हता, हेच सिस्टरला सहन होईना. तिनं आईचा हात धरला. मुद्दाम बोटांनी, कचकन, दुखेल असा धरला. "बोल ना काहीतरी! बोटं आहेत की खिळे म्हण! शिवी दे ना एक, आई! एकच दे!"

आईनं हात सोडवून घेतला. रागावून नव्हे, अंगावर पडलेलं पान काढावं तसा. मग ती कडेला आणखी थोडी सरकली आणि उशीच्या मोकळ्या बाजूकडे बघून हसली. लहानपणी तापात पडल्यावर सिस्टरनं आईचं ते हसू पाहिलं होतं, आणि ते तेव्हा तिच्यासाठी होतं.

तिनं खालच्या बाजूनं पट्टी उचलून बघितली. जखम भरून आली होती. माकडहाडावर नुसता एक डाग उरला होता, तोही पुसट.

७

घर मोकळं झालं होतं. भाऊ फोनवर म्हणाला, "आता तुझा जीव सुटला, ताई. आता स्वतःकडे बघ." स्वतःकडे बघायला त्याला वेळ भरपूर होता, बहिणीकडे बघायला नव्हता. फोन ठेवून सिस्टरनं मागची खोली आवरायला घेतली. आईची खाट तशीच भिंतीला लावलेली होती. चादर काढावी म्हणून ती वाकली आणि कमरेत सणकून चमक आली. तिला सरळ होता येईना. खाटेचा आधार घेत ती तिथंच आडवी झाली, दाराकडे तोंड करून.

दुपारची वेळ. तिनं दाराकडे बघितलं. उद्या आपण अशा पडलो तर या दारातून कोण येईल, याचा तिनं एकदा शांतपणे विचार केला. भाऊ फोन करेल. ऑफिसात नवीन तपासनीस येईल आणि तो मॅनेजरच्या खोलीत बसून चहा पिईल. सांभाळायला ठेवलेली बाई लवकर निघून जाईल. तिनं किती माणसांच्या पाठी वळवल्या असतील, त्याचा हिशेब नाही. तिची पाठ वळवायला या दारातून कुणीही येणार नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं की खोलीला वास नाही. इतकी वर्षं भिंतीत मुरलेलं मलम, डेटॉल, आजारपण, सकाळी केरसुणी फिरवताना तर होतं. तिनं मनगट नाकाशी नेलं. त्यालाही वास नव्हता.

कमरेवर, नेमका दुखत होतं तिथं, पसरलेला तळवा टेकला.

सिस्टर उठली नाही. दार सताड उघडं होतं, भिंतीला धरून का होईना उठून बाहेर जाता आलं असतं, हे तिला चांगलं कळत होतं. तिनं त्या रिकाम्या दाराकडे आणखी थोडा वेळ बघितलं. मग ती कडेला सरकली आणि दाराकडे पाठ केली.